हॉल फोटोत छान, पण बसायचं कुठे?

गेल्या दिवाळीआधी आम्ही बडोद्याच्या घरातला हॉल नव्याने सजवला. 'आम्ही' म्हणजे खरं तर मीच. सहा महिने फोनमध्ये फोटो सेव्ह करून ठेवले होते आणि त्या फोटोंमध्ये जे जे दिसत होतं ते सगळं घरात आणलं. जमिनीलगतचा, खोल, गुबगुबीत, क्रीम रंगाचा सोफा. त्याच्यापुढे तागाचा गोल गालिचा. कोपऱ्यात उंच स्टँडचा एक दिवा. आणि सात कुशन्स. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून फक्त तो दिवा लावला की हॉल थेट फोटोसारखा दिसायचा. मैत्रिणींनी विचारलं, इंटिरियर कोणाकडून करून घेतलं? मी दोन दिवस हवेत होते.

डिसेंबरात आजी आली. ती साताऱ्याच्या बाजूला गावी राहते. वय ७८, गुडघे दुखरे. आल्या आल्या सोफ्यावर बसली, सोफ्याचं कौतुक केलं आणि मग तिला उठताच येईना. एका बाजूने बाबांनी आणि दुसऱ्या बाजूने मी हात दिला तेव्हा उठली. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघराच्या दारातली प्लॅस्टिकची खुर्ची धरली. आता आजी जिथे, तिथेच सगळे. आई ओट्यापाशी, बाबा चहाचा कप घेऊन दाराला टेकलेले, मी फ्रीजला पाठ लावून उभी. गप्पा छान रंगायच्या, पण घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागडी खोली रिकामी पडलेली.

पाचव्या-सहाव्या रात्री बाथरूमकडे जाताना आजीचा पाय गालिच्याच्या काठात अडकला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडली नाही. आम्हाला कोणाला हे कळलंही नाही. आईच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आजीच्या उशाशी रात्री भरून ठेवलेला तांब्या सकाळी भरलेलाच असायचा. विचारल्यावर म्हणाली, "रात्री उठायला नको म्हणून पाणीच पीत नाही."

त्यानंतर मी त्या हॉलकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला लागले. 'कोझी होम' हा सध्याचा सगळ्यात लाडका ट्रेंड आहे आणि मला तो अजूनही आवडतो. पण घर कोझी म्हणजे कोणासाठी कोझी, हा प्रश्न त्या फोटोंमध्ये कुणी विचारलेलाच नसतो. फोटोत माणसंच नसतात.

फोटो कुठून आले?

या सगळ्या प्रकाराचं मूळ बरंचसं डेन्मार्कमध्ये आहे. तिथे 'ह्यूगं' नावाची कल्पना आहे. घरात निवांत, उबेत, आपल्या माणसांबरोबर बसण्याचं सुख, असा तिचा साधारण अर्थ. २०१६ च्या सुमारास इंग्रजीत यावर पुस्तकांची लाटच आली आणि मेणबत्त्या, लोकरीची पांघरुणं, मऊ सोफे जगभर पोचले. कोपनहेगनमध्ये डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथल्या माणसाला मेणबत्ती आणि लोकर लागणारच.

आपल्याकडे बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. नागपूर, हैदराबाद, इंदूर, कुठेही राहा, वर्षातले आठ-नऊ महिने पंखा चालूच. पाचवर फिरणाऱ्या पंख्याखाली मेणबत्ती लावून पाहा, म्हणजे कळेल! आपल्या घरातला आराम म्हणजे ऊब कमी आणि वारा, सावली, थंड फरशी, सुती कापड जास्त. म्हणून फोटोतली प्रत्येक वस्तू आणण्याआधी ती आपल्या हवेत आणि आपल्या माणसांबरोबर कशी चालेल, एवढं बघायला हवं. मी बघितलं नव्हतं. पुढे जे सांगतेय ते सगळं चुकून शिकलेलं आहे.

सोफ्याची उंची इंचांत मोजा

जेवणाच्या टेबलाची नेहमीची खुर्ची जमिनीपासून साधारण १८ इंच उंच असते. सोफ्यालाही १७ ते १८ इंच उंची बहुतेकांना सोयीची पडते. सध्या फॅशनमध्ये असलेले बुटके सोफे १४-१५ इंचांचे असतात आणि त्यावर बसलं की गादी अजून दोन इंच दबते. मग कंबर गुडघ्याच्या खाली जाते. तिथून उठायचं तर सगळा भार गुडघ्यांवर येतो. विशीत काही वाटत नाही. साठीनंतर, गरोदरपणात, पाठदुखीत किंवा कुठलं ऑपरेशन झालेलं असताना तोच सोफा शिक्षा वाटतो.

दुसरं माप खोलीचं, म्हणजे सोफ्याच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं. ते २० ते २२ इंच असेल तर पाठ टेकते आणि पायही जमिनीला लागतात. 'डीप सीटिंग' म्हणून विकले जाणारे सोफे २६ इंच किंवा त्याहून खोल असतात. त्यावर आडवं पडून सिरियल बघायला मजा येते, हे कबूल. पण पाच फूट उंचीच्या बाईने त्यावर टेकून बसायचं ठरवलं तर तिचे पाय लहान मुलासारखे लोंबकळतात. आमच्या घरात आई, आजी आणि मी, तिघीही पाच फुटांच्या आसपास. सोफा घेताना आम्हा तिघींचा विचार मी स्वतःच केला नाही, याची आता गंमत वाटते.

दुकानात गेलात तर सोफ्यावर दहा मिनिटं बसा. सेल्समनला बोलू द्या, तुम्ही बसून राहा. मग हात न टेकता उठून बघा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बरोबर न्या. नेता येत नसेल तर मेजरिंग टेप न्या आणि गादी हाताने दाबून मग उंची मोजा. फोम किती डेन्सिटीचा आहे तेही विचारा. रोज वापरायच्या सोफ्याला ३२ किंवा ४० डेन्सिटीचा फोम बरा. हलका फोम दुकानात मऊ लागतो आणि दोन वर्षांत बसतो. सोफ्याला हात असतील तर ते कडक असावेत, कारण उठताना त्यांचाच आधार घ्यायचा असतो.

आमचा सोफा परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. मग सुताराला बोलावलं. सोफ्याचे पाय स्क्रूने बसवलेले होते. त्याने ते काढून तीन इंच जास्त उंचीचे लाकडी पाय लावले. नऊशे रुपये आणि अर्धा दिवस, एवढ्यात पंधराचा सोफा अठराचा झाला. खोली कमी करता येत नव्हती म्हणून पाठीशी कापसाचे घट्ट लोड ठेवले. आजीसाठी मात्र वेगळीच सोय झाली. माळ्यावर आजोबांच्या वेळची, लाकडी हातांची, वेताने विणलेली खुर्ची पडून होती. वेत तुटला होता. तो विणून देणारा माणूस शोधायला पंधरा दिवस लागले, पण सापडला. बहुतेक शहरांत जुन्या बाजाराच्या आसपास असा एखादा कारागीर अजून असतो. विचारत राहावं लागतं. आणि खरं सांगू? त्या क्रीम रंगाच्या हॉलमध्ये आता सगळ्यात देखणी वस्तू तीच खुर्ची आहे. वेतकाम सध्या ट्रेंडमध्येही आहे म्हणे.

जमिनीवरच्या बैठकीबद्दलही खूप जण विचारतात. गादी, पांढरी चादर, लोड-तक्के अशी बैठक आपल्याला नवीन नाही. जागा कमी असेल, घर भाड्याचं असेल, मुलं लहान असतील तर तिच्यासारखं स्वस्त आणि प्रेमळ काही नाही. फक्त त्याच खोलीत एक तरी उंच, हातांची खुर्ची हवी. नाहीतर पाहुणे आले की घरातली वडीलधारी माणसं आतल्या खोलीत जाऊन बसतात आणि आपल्याला वाटतं, त्यांना आराम हवा असेल.

गुजरातेत घरोघरी हिंचको असतो, कोकणातल्या घरांत ओटीवर झोपाळा. त्याची उंची ठरवणारी माणसं फार शहाणी होती असं मला वाटतं. झोका घ्यायला पाय जमिनीला टेकावा लागतो, त्यामुळे झोपाळा आपोआप योग्य उंचीला येतो. फ्लॅटमध्ये लावायचा असेल तर कडी थेट स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये, जाणकाराकडूनच बसवून घ्या. फॉल्स सीलिंगला कधीच टांगू नका. भाड्याच्या घरात लोखंडी स्टँडचा मिळतो तो बरा.

पिवळा उजेड म्हणजे अंधार नव्हे

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. 'वॉर्म लाइट' हवा म्हणून मी ट्यूबलाइट बंद केली आणि एका छोट्या दिव्यावर आख्खा हॉल सोडून दिला. उजेडाचा रंग आणि उजेडाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो, त्यापुढे 'के' लिहिलेलं असतं. हे केल्विन. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा उजेड. ४००० च्या आसपास साधा पांढरा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ज्याला आपल्याकडे 'कूल डे लाइट' म्हणतात आणि जो बहुतेक घरांत सवयीने लावला जातो. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं ते याच्यामुळे. आणि उजेड किती पडणार, हे सांगणारा आकडा वेगळा, तो लुमेनचा. ९ वॉटचा एलईडी बल्ब पिवळा असो वा पांढरा, साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो. म्हणजे हॉल पिवळसरही ठेवता येतो आणि भरपूर उजेडाचाही.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि बाहुलीही पूर्वीएवढी उघडत नाही. त्यामुळे ज्या उजेडात मी आरामात वाचते, त्यात बाबांना पेपरची अक्षरं दिसत नाहीत. ते कुरकुर करायचे आणि मी त्यांना म्हणायचे, "बाबा, अ‍ॅम्बियन्स बघा!"

आता आमच्याकडे छताला ३००० केल्विनची, २० वॉटची एलईडी पट्टी आहे. बाबांच्या जागेच्या मागे, खांद्याच्या वरून उजेड पडेल असा वाचायचा दिवा आहे. कोपऱ्यातला स्टँडचा दिवा आहेच. पाहुणे आले की सगळे चालू, रात्री टीव्ही बघताना फक्त कोपऱ्यातला. एकाच खोलीत मात्र एक बल्ब पिवळा आणि एक निळसर असं करू नका, दोन्ही वाईट दिसतात. बल्ब आणताना तुमच्या होल्डरला पिनचा लागतो की आट्यांचा, तेवढं पाहून जा. मी दोनदा परत गेले.

सगळ्यात कामाची वस्तू निघाली ती सर्वांत लहान. हालचाल ओळखून लागणारे, चार्ज करून वापरायचे दोन छोटे दिवे. एक आजीच्या पलंगाशी, एक बाथरूमच्या वाटेवर, दोन्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवलेले. पाय खाली टेकला की लागतात, माणूस गेलं की विझतात. डोळ्यांवर उजेड येत नाही आणि वाट दिसते. दोन्ही मिळून सातशे रुपयांत आले. घरात मोठी माणसं असतील तर बाकी काही केलं नाहीत तरी हे नक्की करा.

गालिचा, आणि कपाटात लपवलेली वाकळ

तो तागाचा गालिचा मी उचलून ठेवला. ताग दिसतो सुंदर, पण पायाला टोचतो, ओला झाला की डाग धरतो आणि हलका असेल तर कडा वर येतात. त्याऐवजी सपाट विणीची सुती सतरंजी आणली. आपल्याकडे यात किती प्रकार आहेत! कर्नाटकातल्या नवलगुंदचे जमखाने, तेलंगणातल्या वारंगळच्या सतरंज्या, पानिपतच्या दऱ्या. तुम्ही ज्या राज्यात राहता तिथली पहिल्यांदा बघा. खाली घसरू न देणारी रबरी जाळी अंथरा आणि सोफ्याचे पुढचे पाय सतरंजीवर येतील इतकी मोठी घ्या. मग ती सरकत नाही आणि खोलीही मोठी वाटते. चालण्याच्या वाटेवर मात्र काहीच अंथरू नका.

सोफ्याचं कापड म्हणजे माझं अजून एक दुखणं. सध्या सगळीकडे दिसतं ते 'बुक्ले', मेंढीच्या पाठीसारखं गुठळ्या-गुठळ्यांचं. बंद खिडक्यांच्या थंड देशात ठीक असेल. आपल्या उघड्या खिडक्यांच्या घरात त्या प्रत्येक गुठळीत धूळ बसते, आणि घरात मांजर असेल तर विषयच संपला. नवीन घेणार असाल तर जाड सुती कापड आणि चेन लावलेले, काढून धुता येतील असे कव्हर घ्या. आधीच घेतलं असेल, माझ्यासारखं, तर वर काहीतरी पसरा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आजीने येताना माझ्यासाठी स्वतः शिवलेली वाकळ आणली होती. तिच्या आणि आईच्या जुन्या साड्यांची, हिरवी, जांभळी, एक पट्टा भडक केशरी. मी "किती छान!" म्हटलं आणि कपाटात ठेवून दिली. माझ्या क्रीम हॉलमध्ये ती बसत नव्हती. नंतर एका विदेशी ब्रँडच्या साइटवर 'पॅचवर्क थ्रो' म्हणून जवळजवळ तशीच वस्तू दिसली, किंमत वाचून मी फोन बाजूला ठेवला.

जुन्या साडीचं सूत शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं असतं. त्याचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवले की मधे थोडी हवा राहते, म्हणून थंडीत ऊब येते आणि सुती असल्यामुळे घामही टिपला जातो. महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ, उत्तर कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारात सुजनी. सगळ्यांची युक्ती एकच. आपल्या हवेला यापेक्षा योग्य पांघरूण अजून कुणी काढलेलं नाही, असं माझं मत आहे. वाकळ आता सोफ्यावर असते आणि तिच्यावर बसायला भांडणं होतात. पावसाळ्यात जाड गोधडी वाळता वाळत नाही, त्यामुळे ती पावसाआधी धुऊन, कडक उन्हात दोन दिवस टाकून मगच ठेवा. गोधडी नसेल तर सोलापुरी चादर आहे, जयपुरी हलकी रजई आहे. रंग जुळत नाहीत अशी भीती वाटत असेल तर भिंत आणि पडदे साधे ठेवा, एक रंगीत वस्तू खपून जाते.

रंगाबद्दल थोडंसंच. २०२४ साली पँटोनने वर्षाचा रंग म्हणून 'पीच फझ' निवडला, २०२५ साली 'मोका मूस'. दरवर्षी नवा. भिंत दरवर्षी रंगवणं शक्य नाही. जो आवडला त्याचा लहान डबा आणा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि तो सकाळी, संध्याकाळी आणि रात्री तुमच्याच दिव्यांत बघा. तपकिरी रंग कमी उजेडाच्या फ्लॅटमध्ये फार लवकर उदास होतो. भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधा. ओलीवर वॉलपेपर लावणाऱ्यांना मी ओळखते, पुढच्या पावसात तो बुरशीसकट उतरला.

भाड्याच्या घरात ड्रिल करू देत नाहीत, डिपॉझिट अडकलेलं असतं. तिथेही दिवे, सतरंजी, पांघरूण आणि एक चांगली खुर्ची एवढं करता येतं. शिवाय घर सोडताना सगळं बरोबर नेता येतं.

आजी फेब्रुवारीत गावी परत गेली. जाण्याआधीचे शेवटचे तीन आठवडे ती संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसून बाबांना पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायला लावायची. तांब्या सकाळी रिकामा असायचा. सात कुशन्सबद्दल मात्र तिची तक्रार अजून आहे. परवा फोनवर पुन्हा म्हणाली, "बसायच्या आधी ती उचलायची, आणि उठल्यावर परत मांडायची. कशाला गं?" त्यातली चार मी काढली आहेत. उरलेल्या तिघांवर आमची बोलणी चालू आहेत.